धवलेरीचा गुडघा

सूर्यमाळ, सोमवार

चि. पंढरीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

घरी सगळी बरी असाल. तुझ्या म्हशीचं, भाताचं, खोकल्याचं पुढे सावकाश विचारते. (फोन करत नाही, कारण मी बोलायला लागले की तुमच्या जामसरची रेंज जाते.) तुझ्या सपनाचं लग्न लावायला, गाणी म्हणायला तू धवलेरी म्हणून प्रमिलाला सांगितलंस म्हणे, 'ताईचा गुडघा गेला' म्हणून. अरे मेल्या, मी काय गुडघ्यानं गाते? पोरगी जन्मली त्याच दिवशी मी म्हटलं होतं, हिचं लग्न मीच लावणार. ऐकून फार वाईट वाटलं बघ.

गुडघा दुखत होता, खोटं कशाला बोलू. आधी बिबा लावला; दुखणं आत तसंच राहिलं, वर फोड तेवढे आले. मग महिनाभर खाटेवर पडून राहिले, तर पाय पार ताठला. शेवटी जव्हारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडांमधली गादी झिजलीय, ती काही भरून येत नाही. पण मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. रोज थोडं चाला, उकिडवं बसू नका, पायाला किलोभर वजन बांधून वर-खाली करा. मी घरातली नागली फडक्यात बांधली. फडकं फाटकं. चौथ्या दिवशी पाय भलताच जड लागला, बघते तर कोंबडी वर बसून नागली टिपतेय! तुझे दाजी म्हणाले, कोंबडीसकट उचल, ताकद लवकर येईल. उचलली.

आणि परवा आमच्या पाड्यातल्या मुकेशच्या लग्नात दिवसभर गायले! पाटावर नाही, उंच स्टुलावर. म्हातारे कुरकुरले. म्हटलं, देव गाणं ऐकतो, बूड नाही बघत. एका जागी बसलं की गुडघा आखडतो, म्हणून दर चार गाण्यांनी उठून मांडवाला एक फेरी मारत होते. पहिल्या फेरीला करवल्या मागून आल्या, दुसरीला वरमाई, तिसरीला सगळं वऱ्हाड. त्यांना वाटलं विधीच आहे! मीही तोंड गंभीर करून चालले. आता पुढच्या लग्नवाले विचारतात, फेऱ्या किती घ्यायच्या? पाच सांगितल्यात.

तुझी ताई,
कमू

ता. क. प्रमिलाला नको म्हणू नकोस. तिचाही डावा गुडघा कुरकुरतो, लाजून सांगत नाही. दोन उंच स्टुलं मांड, दोघी बसू.

आणखी ता. क. जीप पाठव. तुझ्या घरची चढण अजून जमत नाही.

शेवटचं. मी तुला विचारतेय असं समजू नको. सपना येऊन गेली. आत्या नसेल तर मांडवात पाय ठेवणार नाही म्हणते. बापाला सांगायला घाबरते, म्हणून मी सांगितलं.