पावडर लावून येऊ नये

सेकोंडी, शनिवार, मासळी भट्टीवर चढवून झाल्यावर

चि. सौ. एकुवा हिला थोरल्या बहिणीचे, म्हणजे आराबाचे, धुराने डोळे चुरचुरत असतानाही भरभरून आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. तुझ्या यजमानांचा गुडघा, तुझ्या लेकीची, मान्साची, परीक्षा आणि तुमची ती गळकी टाकी, या सगळ्यांची खुशाली वेगवेगळी विचारली असं समज. इकडे सारं ठीक. तुझे भावोजी रोज सकाळी जाळं दुरुस्त करायला बसतात आणि दुपारी गुंता वाढवून उठतात. हातात फोन असताना ही बया पत्र का लिहितेय, असं तुला वाटलं असेल. अगं, मी 'हॉस्पिटल' हा शब्द उच्चारला की कुमासीत तुझ्या फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. पत्राला बॅटरी नसते. आई गेल्यापासून मी तुला एकच सांगत आले, छातीची तपासणी करून घे. आणि तूही एकच उत्तर देत आलीस, मला काय धाड भरलीय? तर आता बैस आणि ऐक. मी तपासणी करून आले. आणि जिंकून आले!

झालं असं, की चर्चच्या महिला मंडळात एक डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकीने, काही दुखत-खुपत नसलं तरी, दोन वर्षांतून एकदा छातीचा, म्हणजे स्तनांचा, फोटो काढून घ्यावा. सगळ्या बायका एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या. माईक माझ्या हातात होता (आभार मी मानणार होते, मंडळाची अध्यक्ष मी आहे हे तू सोयीस्कर विसरतेस म्हणून सांगते), आणि माईक हातात आला की माझं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. म्हणून बसले, "पहिली मी जाते!" केवढ्या टाळ्या पडल्या! टाळ्या थांबल्यावर मी शब्द मागे घ्यायला बघत होते, पण तोवर माईक दुसरीच्या हातात गेला होता.

टाकोराडीच्या हॉस्पिटलात गुरुवार ठरला. फोटो काढणारी मुलगी उत्तरेकडची, लारिबा नावाची. तिने फोनवर बजावलं, "आँटी, त्या दिवशी अंगाला पावडर, अत्तर काही म्हणजे काही लावून येऊ नका." आता तूच सांग, मानेला पावडर न लावता मी जन्मात कुठे गेलेय का? अंघोळीनंतर पावडर न लावता बाहेर पडणारी बाई एकतर दुखवट्यात असते, नाहीतर नवऱ्याशी भांडलेली असते. तरी मी शब्द पाळला. डबा कपाटावर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून कपडे केले. तुझ्या भावोजींनी माझ्या मानेकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "अजून कुणी नाही, पण तुम्ही असंच बोलत राहिलात तर सांगता येत नाही."

इथपर्यंत माझी काहीही चूक नाही, हे ध्यानात ठेव. घोटाळा केला तो अड्वोबाने. (तीच गं, मासळीबाजारातल्या बायकांची म्होरकी, तुझ्या लग्नात रडली जास्त आणि जेवली त्याहून जास्त.) मी ट्रोट्रोच्या थांब्यावर पोचते तो काय, बाजारातल्या सगळ्या जणी रांग धरून उभ्या. आराबा मोठ्या परीक्षेला निघाली, ही बातमी गावभर झालेली. आता खटला जिंकला, बाळंतीण सुखरूप सुटली, पोरगं पास झालं, की आपण त्या माणसावर पावडर उधळतो. पण ती जिंकल्यावर! अड्वोबाला तेवढा दम कुठला? म्हणाली, "निकालानंतर कशाला? आत्ताच उधळू, म्हणजे कुणाच्या बाजूने लागायचं ते निकालालाही कळेल!" आणि मी तोंड उघडायच्या आत अख्खा डबा माझ्या डोक्यावर रिकामा केला. बाकीच्यांनी गाणं धरलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून ताल द्यायला लागला. गाडीत शेजारच्या बाईने माझा हात हातात घेऊन विचारलं, "नातू का?" सगळी रामकहाणी कोण सांगत बसणार! मी हो म्हटलं. टाकोराडी येईपर्यंत त्याचं नावही ठरलं.

हॉस्पिटलच्या नळावर मी तोंड, मान, दंड खसाखसा धुतले आणि समजले, संपलं. मग ते यंत्र. वाळवायच्या मासळीवर आपण फळी ठेवून वर दगड ठेवतो ना, अगदी तसं. फरक इतकाच, की मासळीला 'श्वास रोखून धरा' असं सांगावं लागत नाही. दुखलं म्हणशील तर थोडं दुखलं. भट्टीचा चटका बसतो त्याहून कमी, आणि एखादी धड शिवी आठवायच्या आत संपतंही. लारिबा सारखी बडबडत होती, तिच्या आजीच्या शेळ्या, तिचं लग्न, सासू कशी खाष्ट आहे ते. आणि पडद्याकडे बघता बघता सासूला अर्ध्यावर सोडून पुढे वाकली. मी विचारलं, "काय गं?" म्हणाली, "बारीक पांढरे ठिपके दिसतायत, आँटी. कपडे घालून जरा बाहेर बसा, मी डॉक्टरांना दाखवते."

एकुवा, त्या बाकावर मी फार घाबरले. तुला आठवतं का, शेवटची दोन वर्षं आई अंगाला गुंडाळायचं कापड वर, पार काखेत घट्ट बांधायची, आणि आपण दोघी हसायचो, की म्हातारीला आता नटायचं सुचलंय म्हणून. विचारलं कुणीच नाही. मला वाटलं, आता मी तिच्याच जागी येऊन बसलेय. मी मनातल्या मनात माझी कापडं वाटायला घेतली. पक्ष्यांचं निळं कापड तुला दिलंसुद्धा; मग आठवलं की पिवळं तू अजून परत केलेलं नाहीस, म्हणून निळं काढून घेतलं. त्याही अवस्थेत मी रडले नाही, मोठ्याने तर नाहीच.

इतक्यात लारिबा आली, माझ्यावर वाकली आणि तिला सटासट शिंका सुटल्या. नाक पुसून माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, "आँटी, पावडर लावलीत?" मला असा संताप आला! मी ताडकन उठले, शपथेसाठी हात वर केला आणि म्हटलं, "देवाशप्पथ नाही!" आणि त्याच क्षणी माझ्या बाहीतून पावडरची धार लागली ती थेट तिच्या बुटांवर. तिने बुटांकडे बघितलं. मीही बघितलं. "मग हे काय?" "हे," मी म्हटलं, "हे अड्वोबा."

मग तिने मला मोरीवर नेलं आणि ओल्या टॉवेलने, जिथे पावडर दडून बसली होती अशा एकूण एक सांदीकोपऱ्यात, करपलेलं पातेलं घासावं तसं घासलं. वर तोंडाचा पट्टा चालूच. "फोटोत पावडर डिट्टो रोगाच्या ठिपक्यांसारखी दिसते, म्हणून घसा फोडून सांगते! डॉक्टर सुई घालायची भाषा करायला लागले होते!" पुन्हा त्या फळ्या. या खेपेस मीच हुकूम सोडला, "दाब गं पोरी, चांगलं दाब, काही शंका राहायला नको!" डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, दोन वर्षांनी या. मी म्हटलं, मला दाखवा. दाखवला. एक ठिपका नाही, एकुवा! एक नाही! मी तिथेच स्तोत्र सुरू केलं, आणि व्हरांड्यात नंबर लावून बसलेल्या बायकांनी ते उचलून धरलं. नर्स "शांतता, शांतता" म्हणत आली आणि दुसऱ्या कडव्याला स्वतःच गायला लागली.

सेकोंडीला उतरले तर अड्वोबा नवा डबा घेऊन हजर. आता म्हटलं, उधळ बाई, हवी तेवढी उधळ! मी मान खाली घालून उभी राहिले. नाकातोंडात गेली, पापण्यांवर साचली, मी हसत होते आणि रडतही होते, आणि पावडरमुळे ते कुणाला कळत नव्हतं. पुढच्या गुरुवारी अड्वोबा जाणार आहे. आधी नको नको करत होती. मी म्हटलं, तुझ्या पावडरीने मला दोनदा दाबून घ्यावं लागलं, तू एकदा तरी घे.

तुझीच (आणि ठिपकेविरहित)
आराबा

ता. क. ट्रोट्रोचा तो ड्रायव्हर काल नातवासाठी टोपडं घेऊन आला होता आणि बारसं कधी म्हणून विचारत होता. काहीतरी सुचव.

आणखी ता. क. सोबतची मासळी भेट नाही, लाच आहे. मान्साने मला सगळं सांगितलंय (तिला रागवायचं नाही, पोर फोनवर रडत होती). ईस्टरपासून तू कापड वर, काखेत घट्ट बांधतेस आणि कपडे बदलताना दिवा मालवतेस. आईला मी विचारलं नाही. तुला विचारतेय. हाताला काय लागतंय, एकुवा? उत्तर पत्राने नको, बुधवारच्या बसने स्वतः ये. लारिबाला तुझं नाव देऊन ठेवलंय. अड्वोबाच्या आधी तुझा नंबर.

शेवटचा ता. क. पावडरचा एक कणही लावून येऊ नकोस. अड्वोबाचा डबा मी काढून घेतलाय, नवाकोरा, सील न फोडलेला. गुरुवारी तो मांडीवर घेऊन मी त्याच बाकावर बसेन आणि, निकाल काहीही लागो, तू त्या दारातून बाहेर आलीस की उघडेन. आपली आई त्या दारापर्यंत कधी गेलीच नाही.