सदतीस नंबरचा पाय

१४ जानेवारी २०१३, सोमवार

खिळ्यांचे बूट आले! सेत्तीमियोने टेबलावर ठेवले तर ठक्कन वाजले – बूट कसले, चिलखत! घोट्याभोवती तीन रांगा, टाचेवर एक, सगळे टोकदार पितळी खिळे. एका बुटाला एकशे बारा. मिलानच्या बायका म्हणे दुसरं काही मागतच नाहीत. पूर्वी असले बूट मोटारसायकलवाली पोरं घालायची, आता रेशमी झग्याखाली घालतात.

मी स्टुलावर बसले. सेत्तीमियो एका गुडघ्यावर बसला, माझी टाच तळहातावर घेतली, बूट चढवला, चेन ओढली. "चाला."

कारखान्याच्या बोळात वीस फेऱ्या. सव्वीस वर्षं हेच काम – घालायचे, चालायचे, कुठे लागतं ते सांगायचं. माझा पाय बरोब्बर सदतीस नंबरचा म्हणून. सेत्तीमियो साचे करतो, मी चालून दाखवते, मग त्या मापावर हजारो जोड निघतात.

अकराव्या फेरीला बुटाच्या आतून घोट्याला काहीतरी टोचलं. करंगळीही दाबली गेली.

"कुठे लागतंय?"

"कुठेच नाही," म्हटलं.

खोटं! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ जानेवारी

लिहूनच टाकते, इथे कोण वाचणार आहे. माझा पाय वाढलाय. आईच्या आजारपणात आठ महिने दिवसभर उभी – तिला उचलायचं, कूस बदलायची, न्हाऊ घालायचं. पाय पसरले. की एक्कावन्न वर्षांचा पायच असा होतो, देव जाणे. ऑक्टोबरात आई गेली. दुकानात घरातल्या सपाता घेतल्या त्या अडतीसच्या. पैसे देताना नंबरावर बोट ठेवलं होतं – जणू कुणी बघणार होतं!

"लागतंय" म्हटलं की पाय मोजणार. मोजला की माझं काम संपलं.

आणि काम संपलं तर – हे लिहायलाही लाज वाटते – मला हात कोण लावणार? माझा नवरा ग्वाल्तियेरो मला सोडून पेझारोला त्या बाईकडे गेला त्याला बारा वर्षं झाली. आईचा हात गेला. आठवड्यातून तीन दिवस एक माणूस माझी टाच तळहातावर घेतो. कामापुरती. त्याचे हात गरम असतात.

१८ जानेवारी

मोजा घोट्याला चिकटला होता. पाण्यात भिजवून काढला. पट्टी लावली.

२० जानेवारी, रविवार

बर्फ. व्हिन्चिस्ग्रास्सी केलं, आईचा थरांचा भाजलेला पास्ता – चार माणसांचा ट्रे, कमी करायचा हातच बसत नाही. गुरुवारपर्यंत तेच खायचं आता. दिवसभरात एकच फोन, तोही कुणाला तरी दुसरा नंबर हवा होता. म्हातारीचा आवाज होता. मी उगाच बोलणं लांबवलं.

२३ जानेवारी

आमचा मालक फाबियानो आज बोळातच भेटला. वडिलांच्या मागून इथे रांगत फिरायचा तो पोरगा, आता टाय लावतो. "सिन्योरा नीवेस, शुक्रवारी मिलानचे लोक येताहेत. तीन हजार जोड! तुम्ही 'ठीक' म्हणालात की चामडं कापायला घेतो."

तीन हजार बायका. त्यांचे सहा हजार घोटे.

सेत्तीमियोपाशी गेले. "खिळ्यांचे मागचे दात जरा लांब आहेत का हो? चामड्यातून आत येताहेत असं वाटतं."

"का विचारता?"

मी पाय मागे घेतला. तो म्हणाला, "मोजा काढा." पट्टी बघितली. मग टेप आणली. मी वरून बघत होते – दोनशे त्रेचाळीस मिलिमीटर! अडतीस नंबर. त्याने वहीत लिहिलं, दोनशे सदतीस. फाबियानो दारातच उभा होता.

"काही फरक नाही," सेत्तीमियो मोठ्याने म्हणाला.

मोजा त्यानेच चढवला. पट्टीला धक्का लागू न देता.

२४ जानेवारी

चाळीस वर्षांत त्या माणसाने एक मिलिमीटर खोटा लिहिला नसेल. माझ्यासाठी लिहिला! मी गप्प बसले तर बायकांचे पाय फाटणार. बोलले तर माझं काम जाणार, आणि त्याचं नाव. रात्रभर पाऊस पडावा तसं डोक्यात तेच तेच.

२५ जानेवारी, शुक्रवार

मिलानच्या कोस्तान्झाबाई आल्या. बूट यांच्याच डोक्यातून निघालेले – आणि स्वतःच्या पायात मऊ पांढरे कॅनव्हासचे! मी चालून दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा! घातल्यावर कसं वाटतं, सांगा ना?"

तोंड उघडलं आणि खरंच बाहेर पडलं. "लागतं. खिळ्यांचे दात आतून टोचतात. रक्त येतं." मोजा काढून घोटा दाखवला.

फाबियानो लाल झाला. "सुजलाय पाय तुमचा!" टेप हिसकावून स्वतः खाली बसला. त्याचे हात थंड. "दोनशे त्रेचाळीस? अहो, हा अडतीसचा पाय! सदतीसचा बूट लागणार नाही तर काय होईल? बुटात काही खोट नाही."

कोस्तान्झाबाई हसल्या. "घाबरवलंत की हो!"

"अडतीसच्या पायाचा घोटा काय निराळा असतो?" मी ओरडले. "आत हात घालून बघा!" कुणी घातला नाही. फॅशनवाल्यांना तेच नको असतं, हातांनी बघायला.

मग फाबियानोने वही उघडली. "सेत्तीमियो, हे दोनशे सदतीस काय लिहिलंय?"

सेत्तीमियोने चष्मा काढून त्याची घडी केली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"सोमवारपासून येऊ नका, सिन्योरा." संपलं.

माझं खरं बोलणं त्यांनाच उपयोगी पडलं! बूट निर्दोष सुटले, आणि मी त्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं.

२८ जानेवारी, सोमवार

सात वाजता उठून कपडे केले. मग कोट परत काढला.

१ फेब्रुवारी

फोन वाजला नाही. त्याने का करावा?

९ फेब्रुवारी

बाजारात इलेनिया भेटली, माझ्या जागेवर घेतलेली पोरगी. एकोणीस वर्षांची. मासळीच्या गाड्यापाशी लंगडत होती.

"पाय दाखव," म्हटलं.

"काही नाही हो, सिन्योरा. नवे आहेत म्हणून. फॅशन म्हटलं की थोडं सोसायचंच." मग हळूच म्हणाली, "मी नाही म्हटलं तर उद्या दुसरी आणतील ना."

मीही तेच केलं होतं, हिला काय सांगू? माझ्या पिशवीतल्या पट्ट्यांचं पाकीट तिच्या हातात कोंबलं. सेत्तीमियोचं नाव ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?

१२ फेब्रुवारी, मंगळवार

कार्निव्हल. चौकात पोरीबाळी नाचत होत्या. निम्म्यांच्या पायात खिळे – खोटे, चिकटवलेले, स्वस्तातले. पोस्टातल्या बाईच्या सपाट चपलांवरसुद्धा! दिव्यांत इतके चमकत होते की मीही बघत राहिले. सुंदर दिसतात, नाही कोण म्हणतं. खिडकी लावून घेतली. मधातल्या तळलेल्या गोळ्यांचं ताट तसंच पडलंय. कुणाला देऊ?

१६ फेब्रुवारी, शनिवार

बेकरीत आस्सुन्ता भेटली, सेत्तीमियोची बहीण. म्हणाली, "तुम्ही अजून त्याच्यावर रागावलेल्याच का?"

मी? त्याच्यावर?

मला काढल्यावर लगेचच्या सोमवारी त्याने काम सोडलं. इलेनियाला ते बूट चढवायला नकार दिला, म्हणून. परवा एक बूट काखेत मारून आगगाडीने मिलानला गेला, कोस्तान्झाबाईंच्या टेबलावर अस्तर फाडलं आणि म्हणाला, "आता हात घाला." तीन हजार जोड थांबलेत. दात कापून मगच पुढचं.

"खोटं माप लिहून मी नीवेसबाईंना तोंडघशी पाडलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ – रोज हेच घेऊन बसतो," आस्सुन्ता म्हणाली. पावाच्या पिशवीवर त्याचा पत्ता लिहून दिला.

दुपारचे दोन वाजलेत. पायी दहा मिनिटं. निघते.