ग्रीनवर अनवाणी

आबा, काल पुण्याच्या मैदानावर मी तुमचं ऐकलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय.

परळीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या छोट्या गोल्फ मैदानावर तुम्ही साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचात. साहेब घरी गेले, की मला बोलावून एक जुनी काठी हातात द्यायचात. भोकाभोवतीच्या जागेला ग्रीन म्हणतात, पण आपल्याकडं तिथं गवत कुठलं? वाळूत तेल कालवून धुमसलेली काळी जमीन ती, वर बसलेली राख रोज झाडायची. चेंडू तिच्या कडेला येऊन थांबला, की मला तो उंच उडवून थेट भोकाशी टाकायची हौस. तुम्ही हसायचात. "मेंढरं वळवताना धोंडा असा आभाळात फेकतेत का, माय? म्होरं जागा हाय, तर घरंगळत ने की." नांदूरघाटच्या माळावर आजोबांनी तुम्हाला शिकवलेलं तुम्ही मला शिकवत होतात.

काल मुलींच्या प्रशिक्षकपदाची निवड होती, त्यासाठी खेळून दाखवायचं होतं. घरातली पहिली पदवी माझी, पण कचेरीत बसण्यापेक्षा मला आपल्याकडच्या पोरींना हा खेळ शिकवायचाय. एका ग्रीनपाशी मी तुमच्यासारखाच चेंडू घरंगळत मारला, तो दाट गवतात अर्ध्यातच बसला. शेवटच्या ग्रीनच्या कडेला पुन्हा तसाच प्रसंग. हा फटका चुकला असता तर सगळं संपलं होतं, आणि कुठली काठी घ्यावी ते कळेना.

तेव्हा तुम्ही दिसलात, माझ्या लहानपणीचे, परळीच्या मैदानावर. चपला कडेला काढून तुम्ही भोकापर्यंत अनवाणी चालत जाताय, मी मागं. देवळात शिरल्यासारखं कावून करता, असं मी विचारते. तुम्ही म्हणता, "आधी पायाला इचारावं. मंग काठी उचलावी."

मी बूट-मोजे काढले. निवडीला आलेली, माझ्या मागून खेळणारी मुलगी म्हणाली, "ताई, पाय धुवायचा नळ तिकडं आहे." सगळे हसले, मीही हसले. तळव्यांना गवत ओलं, मऊ लागलं. इथं चेंडू घरंगळणार नव्हता. मी सगळ्यांत तिरप्या तोंडाची काठी घेतली आणि चेंडू उंच उडवला. तो भोकापासून वीतभर अंतरावर पडून तिथंच थांबला. माझी निवड झाली, आबा.

आईला एवढंच सांगितलं. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला खरं सांगते. चेंडू हवेत होता तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आभाळात फेकला म्हणून तुम्ही हसाल, असं वाटलं.