तुझं ‘वानी’, माझं ‘प्रमाणे’

प्रिय कौसल्याताई,

आपण कधी भेटलो नाही. तू विषमज्वरानं गेलीस आणि वर्षभरानं तुझ्या नवऱ्याशी माझं लग्न झालं. वयानं तू मोठी, तरी तुला ‘तू’च म्हणते. आज मला तुझा राग आला आहे, आणि रागात ‘तुम्ही’ म्हटलं की खोटं वाटतं. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून दवाखान्यातल्या वाया गेलेल्या ताप-तक्त्याच्या पाठीवर लिहिते आहे.

लग्नात सासूबाईंनी तुझ्या नावानं घडवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं, नाहीतर ती छळते म्हणतात. मी नागपूरला नर्सिंग शिकले. मेलेलं माणूस छळतं यावर माझा विश्वास नाही.

पण तू छळतेस! टाकातून नव्हे, गोदीच्या तोंडून.

तुझी गोदी आता सहावीत आहे. शाळेत त्यांना अलंकार लागले. बाईंनी सांगितलं, पुस्तकातली उदाहरणं चालणार नाहीत, प्रत्येकीनं आपापली आणा. मला आनंद झाला. व्याख्या मला चटकन पाठ होतात. मनात म्हटलं, पोरगी आता माझ्याकडे येईल. दोन वर्षांत ती मला ‘मावशी’ म्हणण्यापलीकडे गेलेली नाही. तिच्या वहीत माझी एक ओळ असावी, एवढंच मला हवं होतं.

मी तिला समजावलं, “हे बघ, एका वस्तूला दुसरीसारखी म्हटलं की उपमा. सारखी, प्रमाणे, समान असा शब्द मध्ये लागतो. तो काढला आणि ही वस्तू म्हणजे तीच वस्तू असं म्हटलं की रूपक. आता माझं उदाहरण घे. निरोगी माणसाची नाडी घड्याळाप्रमाणे चालते.”

गोदीनं पेन्सिल चावली. “मावशी, ते तं खरंच चालते. यात अलंकार कुठं हाये?”

पोरीचं बरोबर होतं. दवाखान्यात मी रोज लोकांचे डोळे धुते, त्यांत औषध घालते. एकही डोळा मला कमळासारखा दिसलेला नाही. दिसतं तेवढंच लिहायचं, असंच मला शिकवलं आहे.

मग ती आपली आपण लिहायला लागली आणि मी शेजारी बसून बघत राहिले. ओळीमागून ओळ, सगळी तुझी! वाशीमच्या बाजारात, अनसिंगच्या बाजारात तू भाजीच्या पाट्यांमागे बसून जे ओरडायचीस, ते सगळं त्या पोरीला तोंडपाठ. “सशाच्या कानावानी पालक घ्या वं बाई!” ही उपमा. “वांगं नाई हे, नवरदेव हाये, मंदिल बांधून आला!” हे रूपक. “मिरची रुसून बसली, हात नोका लावू!” ही चेतनगुणोक्ती. “हे काकडी खाल्ली का माणूस वैशाखात गोधडी मागते!” ही अतिशयोक्ती. कुणी विचारलं, भेंडी कशी आहे, तर तू म्हणायचीस, “माह्या भेंडीवानी माहीच भेंडी!” आणि हा अनन्वय, वस्तूला तिचीच उपमा. तुला अक्षरओळख नव्हती ना गं? मग अनन्वय जिला म्हणतात, ती गोष्ट तुझ्या पाटीत कुठून आली?

मला हेवा वाटला. मोजून सांगता येत नाही इतका. मोजता येत नाही अशी गोष्ट मी सहसा लिहीत नाही, पण ही लिहिते.

वही तपासायला मी लाल पेन्सिल घेतली. पुस्तकात साधर्म्य दाखवणाऱ्या शब्दांची यादी आहे. तीत ‘वानी’ नाही. मी जिथं जिथं ‘वानी’ होतं तिथं तिथं रेघ मारून वर ‘प्रमाणे’ लिहिलं. ‘नोका’चं ‘नका’ केलं, ‘वं’चं ‘हो’ केलं, ‘माही’चं ‘माझी’ केलं. गोदी म्हणाली, “पन माय असं नोती म्हनत.” मी म्हटलं, “परीक्षेत यादीतलंच लागतं.”

ते खरं होतं का, हे मी बाईंना विचारलं नव्हतं. ताई, चूक मला दिसत होती म्हणून नव्हे, तू दिसत होतीस म्हणून मी ती रेघ मारली.

काल वर्गात गोदीनं मोठ्यानं वाचलं, “सशाच्या कानाप्रमाणे पालक घ्या हो बाई.” सगळा वर्ग हसला. एक पोरगी म्हणाली, “काहून गं, तुही माय पालक विके का पोथी सांगे?” वाशीमच्या निम्म्या घरांत तुझी भाजी गेलेली. तू कशी बोलायचीस हे त्या पोरींना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

घरी येऊन तिनं दप्तर आपटलं. “नर्सबाई,” म्हणाली, मावशीसुद्धा नाही, “तुमी माह्या मायचं तोंड पुसून टाकलं!”

आणि मी काय केलं सांगू? उभी राहून मनात विचार केला, हा कोणता अलंकार? एवढी कोरडी मी! मग दुसरा विचार आला, रागसुद्धा पोरीला तुझ्याच भाषेत येतो.

आज सकाळी मी सासूबाईंसमोर वही घेऊन बसले. म्हटलं, थोरलीचं सगळं सांगा, जसंच्या तसं. रोग्याची हकिगत उतरवते तशी अक्षर न अक्षर उतरवायला लागले. ‘वानी’ला ‘वानी’, ‘नोका’ला ‘नोका’. सासूबाईंना ते पटेना.

“लिवून का होते? कौशी काय हळू बोले? उठ. म्हून दाखव.”

“मी?”

“मंग कोन, मी? माह्या तोंडात दात हायेत का?”

मी उठले. अंगणात, पाट्यांपुढे. गळा साफ केला आणि ओरडले, “वांगं नाही हे—”

“नाई!” सासूबाई म्हणाल्या. “नाही कायले? तुले सर्दी झाली का?”

“वांगं नाई हे, नवरदेव हाये, मंदिल बांधून आला!”

विहिरीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. हे वाफ्यातून उठून आले आणि परत गेले. पदरानं तोंड पुसत होते, घाम की हसू, ते मी नक्की सांगू शकत नाही. गोदी दारात उभी होती.

“मायवानी नाई आलं,” ती म्हणाली.

“नाही आलं,” मी म्हटलं.

“पुन्हा म्हना ना, मावशी. आता पालकाचं.”

मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ती माझ्यासोबत म्हणाली, आणि आमचे दोन आवाज एकाच ‘वानी’वर आले.

ताई, वचन देते ते नेमकं देते. उद्या शाळेत जाऊन बाईंना सांगेन की त्या रेघा पोरीच्या नव्हेत, माझ्या आहेत. तुझा एकही शब्द पुन्हा सुधारणार नाही. गोदी विसरायला लागली तर मी तिला आठवण करून देईन, अंगणात उभी राहून, मोठ्यानं. हेवा सोडेन असं मात्र लिहून देत नाही.

तुझी धाकटी,
सुशीला