सुमीला आणायचं हाय

४ मार्च
गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपलं. गोळ्या घरी द्यायला येणारी आशाताई म्हणाली, "मावशी, सुटलासा बघा. कुष्ठाचा रोग न्हाय आता तुमच्या अंगात." मी उजवा हात तिच्यापुढं धरला. करंगळी आन् शेजारचं बोट, दोन्ही आत वळल्याली. म्हटलं, ही कवा सरळ व्हणार? बाई पिशवी आवराय लागली.

७ मार्च
निपाणीत दवाखाना. डॉक्टरीण कन्नडात बोलली, मला कळतं समदं. नस मेली, परत यायची न्हाय. लवकर का न्हाय आलासा म्हणून दटावली. काय सांगू. आमच्या गल्लीत घरोघरी बिड्या वळत्यात. हातावरचा चट्टा बधिर झाला तवा शेजारणी म्हणाल्या, तंबाखूचा हात हाय, मरायचाच. मीबी तेच म्हणाले. दोन उन्हाळे तसंच वळत बसले. पुरुषाला झालं असतं तर पहिल्या दिवशी नेला असता दवाखान्यात.

११ मार्च
सुमीचा फोन, येळ्ळूरहून. सातवा लागला. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी. "आई, न्यायला कवा येतीस?" येते म्हणाले. तिच्या सासूला माझ्या रोगाचं अजून ठावं न्हाय. माझी नणंद म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला काय जातंय म्हणायला.

१९ मार्च
येळ्ळूरला जाऊन आले. ओटीभरण. हात पदराखाली. विहीणबाई म्हणाल्या, "तुमीबी वाढा की एक पंगत." डाव्या हातानं कसं वाढणार? उजव्यानं पळी धरली, आमटी पाटावर. बायका बघाय लागल्या हाताकडं. जेवणं झाल्यावर बघितलं, माझं ताट मोरीत एका बाजूला.

निघताना विहीण हसूनच, "बाळंतपण हितंच करतो आमी. बेळगावचा दवाखाना जवळ पडतोय." बसमध्ये रडू आवरंना.

२२ मार्च
आशाताईला म्हटलं, तू सांग त्यांना. तिनं विहिणीला फोन लावला. गोळ्या घेतल्या की कुणाला लागत न्हाय, संगं खाल्लं तरी लागत न्हाय, समदं नीट सांगितलं. विहीण म्हणाली, "व्हय बाई, खरं असंल. तुमी पाठवाल का तुमची सून?" आशाताईनं "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवला. राग आला तिचा. पर खोटं तरी बोलली न्हाय.

३० मार्च
सुमी भांडली सासूशी. माझ्याच वळणावर गेलीय. "जावई तयार हाईत, आई. मी येणार. बाळाला तूच न्हाऊ घालायचीस." लई बरं वाटलं. खोली धुतली. जुनी लुगडी काढली बाळुत्याला. ह्यांनी गाडी ठरवली रविवारची.

२ एप्रिल
लुगडी उकळायला घातल्याली. काठी सापडंना म्हणून हातानंच काढाय लागले. हे वरडले, "अगं, हात!" मनगटापर्यंत आत. मला पाणी कोमट वाटलं. आता तळहातभर फोड. दुखत न्हाय, दुखलं असतं तर बरं झालं असतं.

पायावर बाळ घेऊन पाणी ओतायचं, ते किती कढत हाय ते ह्याच हातानं बघून ओतायचं. माझ्या आईनं सुमीला असंच...

३ एप्रिल
न्हाऊ घालणाऱ्या शांताबाईकडं गेलते. कंबर धरलीय म्हणाली. काल तर तालमीजवळ पाण्याची घागर घेऊन चाललीती. आणखी दोघींना इचारलं. त्यांच्याबी कमरा धरल्यात.

हे म्हणत्यात, डावा हात हाय की, त्यानं बघ. डाव्या हाताच्या करंगळीलाबी आता मुंग्या येत्यात. ह्यांना सांगितलं न्हाय.

५ एप्रिल
सुमीचा फोन. "पिशवी भरली बघ आई. बाळाला कुंची हाय न्हवं घरात, का घिऊ?"
म्हटलं, "सुमे, नको येऊस."
ती म्हणाली, "सासूनं काय सांगितलं तुला?"
"कुणी न्हाय. मीच म्हणतेय."
"तुला मी नको व्हय?"
हाताचं सांगायचं व्हतं. तवर तिनं ठेवला फोन. परत लावला, उचलत न्हाय.

गाडी उद्या सकाळची. गाडीवाल्याला नको म्हणून अजून सांगितलं न्हाय.