मामाच्या नावाचा घास

आई,

आज मला सकाळची पाळी आहे, म्हणून तू उठायच्या आत निघते. काल डॉक्टरांसमोर तुझ्यावर ओरडले, ते चुकलंच. पण चार वर्षांच्या ठमीचं वजन सात वर्षांच्या मुलीएवढं झालंय, हे तूही ऐकलंस. जिना चढताना तिला धाप लागते.

ती "पुरे" म्हणाली की ताट उचल. बालवाडीतून कडेवर आणू नकोस, रुसली तरी चालव.

तिचं पोट भरल्यावरही तू "हा एक मामाचा" म्हणत भरवतेस, ते मी पाहिलंय. आई, दादा तापाने गेला. तू त्याला उपाशी ठेवलं नव्हतंस. इतक्या वर्षांत हे तुला तोंडावर सांगायला मला जमलं नाही.

तुझी धाकटी