समुपदेशनाऐवजी गाऱ्हाणे

परळ, मुंबई
बुधवार, दि. १३ फेब्रुवारी १९८५

चि. लहूस, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्वांची प्रकृती ठीक आहे. तेथील सर्वांचीही ठीक असावी, असे लिहिण्याची पद्धत आहे; पण ते मला लिहिता येत नाही. तुझ्या शांतीने कळवले आहे की तू दिवसभर पडवीत बसतोस आणि कोणाशी बोलत नाहीस. संपाच्या वेळी आपल्यात वाद झाला, गिरणी सुटली, तू गावी गेलास, त्याला आता दोन वर्षे होतील. माझ्या पाच पत्रांना तुझे उत्तर नाही. (मौन हे उत्तर धरावे काय, हा प्रश्न तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवूनही मला सुटलेला नाही.) म्हणून आज वादाचा विषय टाळून चाळीतली हकीकत लिहितो. हे पत्र सकाळपासून तीनदा सुरू केले. मध्ये उठून खिडकी लावली, उघडली, चहा ठेवला, तो उतू गेला.

दिवाळीनंतर कालिंदी नावाच्या एक बाई आपल्या चाळीत येऊ लागल्या. वय सव्वीस-सत्तावीस. संपानंतर गिरणी कामगारांच्या मनाचे काय झाले, यावर त्या मानसशास्त्रात संशोधन करतात. आणि लोकांना नुसते प्रश्न विचारून निघून जाणे अन्यायाचे, असे वाटून आठवड्यातून एकदा मंडळाच्या खोलीत लोकांचे ऐकायलाही बसतात. प्रश्नावली इंग्रजीत होती. तिचे मराठी मी केले, एकही शब्द सैल न ठेवता. चौथा प्रश्न होता, 'तुम्हांला रिकामे वाटते का?' चाळीतल्या एकूण एक पुरुषाने उत्तर दिले, 'ब्याऐंशीच्या जानेवारीपासून.' (मनाचा रिकामेपणा आणि कामाचा रिकामेपणा यांतील भेद मी तळटीप देऊन स्पष्ट केला होता. तळटीप कोणी वाचत नाही.) खानावळवाल्या गंगुबाईंनी तर बाईंनाच उलट विचारले, "सरकार म्हणतं, गिरणी आजारी आहे. मग बाय, आजार गिरणीला नि कागद आमच्या नावाचा कसा गं?" या युक्तिवादात मी दोन दिवस फट शोधली. सापडली नाही. बाईंनी तो वहीत उतरवून घेतला, कारण प्रश्नावलीत त्याला चौकट नव्हती.

खोलीच्या दारावर पाटी होती, 'समुपदेशन केंद्र'. सहा आठवडे तिकडे कोणी फिरकले नाही. चौकशी करता कळले की पाटीत लोकांना फक्त उपदेश दिसला. आणि उपदेश त्यांना तीन वर्षे मालकांकडून, पुढाऱ्यांकडून आणि (हे तुझ्याच साचाखात्यातल्या दगडूने माझ्याकडे रोखून बघत सांगितले) शिकलेल्या शेजाऱ्यांकडून फुकट मिळतच होता. तेव्हा मी नवी पाटी रंगवली: 'दर सोमवारी सायंकाळी पाच वाजता येथे गाऱ्हाणी ऐकली जातील.' गाऱ्हाणे म्हणजे तक्रार; व्याख्या निर्दोष होती. फक्त आपली चाळ मालवणकडची आहे, आणि आपल्याकडे गाऱ्हाणे देवापुढे घालतात, एकाने सगळ्यांच्या वतीने, एवढे मात्र मी, त्याच मातीतला माणूस, साफ विसरलो.

सोमवारी एकोणीस माणसे आली. आंघोळी करून, हातात नारळ घेऊन. बाईंनी गुप्ततेसाठी दोनच खुर्च्या मांडल्या होत्या आणि एकेकाने आत यावे असे सुचवले. गाऱ्हाणे कधी एकेकट्याचे असते काय, असे दगडूने विचारले, फायलींच्या शेजारी नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, हयसर जी लेकरां उभी आसत, तेंतल्या कोणा एकाक बायलेन कमावलेलो घास गळ्याखाली उतरणा नाय. तो उतरांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

घास कोणाचा, हे कोणी विचारले नाही. ज्याचा होता त्यानेही इतरांबरोबर व्हय म्हटले आणि तो त्यांच्यात मिसळून गेला. तेव्हापासून दर सोमवारी लोक आधी दगडूच्या कानाशी लागतात आणि मग त्याच्यामागे उभे राहतात. भर सभेत गुप्तता पाळली जाते, हा विरोधाभास मी डोळ्यांनी पाहिला. बाईंचे मार्गदर्शक कळवतात की उत्तर कोणाचे ते सांगता येत नसल्यामुळे हे संशोधनात धरता येणार नाही. माझ्या मते त्याचे मोल नेमके तेथेच आहे. मी त्यांना अकरा मुद्द्यांचे पत्र लिहिण्याची तयारी दर्शवली. बाई म्हणाल्या, नको, त्यांच्याशी मी भांडते.

तिसऱ्या सोमवारी मीही कानाशी लागलो (निरीक्षण म्हणून) आणि एक विधान नीट मांडून सांगितले. दगडूने त्याचे असे केले: "कोण एक थोरलो भाव आसा. तो बोललो ता खरा ठरला म्हाराजा, आणि तेच्यामुळा धाकटो तुटलो. हेच्या जिभेक वायच आवर घाल." 'तेच्यामुळा' या कार्यकारणसंबंधाला पुरावा काय, हे विचारण्यासाठी मी हात वर केला. थोरला भाऊ कोण, ते एकोणीसही जणांना तत्क्षणी कळले. खोलीत गुप्तता फुटली ती फक्त माझी, आणि तीही माझ्याच हाताने. सगळे माझ्याकडे बघत व्हय म्हणाले. मग मीही म्हटले.

लिहिण्यासारखे याहून अधिक काही नाही. शांतीस आणि मुलांस आशीर्वाद.

तुझा,
रघुवीर

ता. क. – 'अधिक काही नाही' हे विधान असत्य आहे. संप बुडणार, हे मी तुझ्या घरात, तुझ्या मुलांसमोर, मुद्देसूद सिद्ध करून दाखवले. त्यातला एकही मुद्दा आजही मागे घेत नाही. त्या दिवशी स्टोव्हवर काय शिजते आहे, हे मात्र मी विचारले नाही.

ता. क. दुसरा – हे पत्र बाईंनी लिहवून घेतले, अशी शंका घेऊ नकोस. त्यांनी मनाई केली होती. म्हणाल्या, "काका, पत्रात पुन्हा तुम्हीच बोलणार. त्यापेक्षा जा आणि त्यांच्याजवळ गप्प बसा." मी दोन्ही करतो आहे. पुढच्या बुधवारच्या एसटीचे तिकीट काढले आहे. गुरुवारी सकाळी पोचेन. तू बोलावेस असा आग्रह धरणार नाही. मला टाळायचे असल्यास सासुरवाडीला निघून जाण्याइतका अवधी हे पत्र तुला देते. तो तुझा हक्क आहे, म्हणून आधी कळवले.

जाऊ नकोस.